थापटून बघा दुकान!

ऑनलाइन दुकान कोणत्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, हे ओळखण्याच्या गमती. तेर, तुळजापूर आणि कुंथलगिरीच्या वाटेनं

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात पडलेलं थापटणं बघून मुक्ताबाईनं विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की भाजलेलं ते यानं कळतं. मग इथली मडकीही तपासा की, म्हणाली ती. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल लागला: हे मडकं कच्चं!

धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट लहान पोरही सांगेल. तिच्यातली मेख ऑनलाइन बाजारालाही लागू पडते. आत काय आहे ते बघायला मडकं फोडावं लागत नाही. दुकान कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतं, पैसे कोणत्या यंत्रणेतून घेतं, गिऱ्हाइकाचा माग कोणत्या ॲपनं काढतं, हे सगळं बाहेरून टकटक करून कळतं. जगात या ओळखपरेडवर मोठा धंदा चालतो. तर घ्या थापटणं हातात.

१. दोन साच्यांची बाहुली

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर सांगितलंय. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. तगर म्हणजेच आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. तेरला पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्या सापडल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात दाबलेली, मागची दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही चिकटवलेल्या. ही दोन साच्यांची रीत रोमन जगाकडून आली, असं अभ्यासक मानतात. बाहुलीवर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. सांध्यानंच कारागिराची रीत उघड केली. वेबसाइटचंही तसंच. रंग बदला, फोटो बदला, सांधा झाकत नाही.

२. एक बटण, सगळा उघडा कारभार

संगणकावर कोणतंही दुकान उघडा आणि कंट्रोल दाबून यू दाबा. पान उलटं होऊन त्याची शिवण दिसते. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये पत्त्याच्या आधी ‘व्ह्यू-सोर्स’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं टाकली की हेच दिसतं. यात चोरी नाही, हॅकिंग नाही. पान दाखवण्यासाठी दुकानानं स्वतःच तुमच्या फोनवर पाठवलेला हा मजकूर असतो. शिंप्यानं दिलेला सदरा उलटा करून टाके बघावेत, इतकंच.

३. तिघांच्या तीन जन्मखुणा

पानाच्या मजकुरात ‘सीडीएन डॉट शॉपिफाय’ दिसलं, तर दुकान शॉपिफायवर आहे. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ आणि त्यापुढे ‘प्लगइन्स’, ‘वूकॉमर्स’ दिसलं, तर ते वर्डप्रेसवरच्या वूकॉमर्सचं. ‘मॅजेंटो’ किंवा नुसतं ‘मॅज’ दिसलं, तर दुकान मॅजेंटोवरचं, म्हणजे बहुधा मोठ्या पसाऱ्याचं. ही मॅजेंटो २००८ मध्ये बाजारात आली, २०११ मध्ये ईबेकडे गेली आणि २०१८ मध्ये ॲडोबीनं ती १६८ कोटी डॉलरना घेतली. माज करावा असाच भाव मिळाला म्हणायचा!

४. बर्फावरच्या फळ्या विकता विकता

शॉपिफाय मुळात दुकानं बांधून देणारी कंपनी नव्हतीच. कॅनडातल्या ओटावात टोबियास ल्युटके आणि त्याच्या साथीदारांनी २००४ मध्ये ‘स्नोडेव्हिल’ नावानं बर्फावरून घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायला काढल्या. तयार सॉफ्टवेअर एकही पसंत पडेना, म्हणून ल्युटकेनं स्वतःच लिहिलं. मग लक्षात आलं की फळ्यांपेक्षा दुकानाला जास्त मागणी आहे. २००६ मध्ये शॉपिफाय उभी राहिली आणि २००९ मध्ये तिचं ॲप स्टोअर. आपल्याकडे ऊस लावायला विहीर खणावी आणि उसापेक्षा पाणीच जास्त विकलं जावं, तसा हा प्रकार.

५. भाऊबंदकीतून निघालेलं दुकान

वूकॉमर्सचं मूळ ‘जिगोशॉप’ नावाच्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचा मजकूर सर्वांना खुला होता. वूथीम्स या कंपनीनं तो घेतला, त्यावर काम करणारे दोघे जणही आपल्याकडे आणले आणि २०११ मध्ये वेगळी चूल मांडली. खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात याला ‘फोर्क’, म्हणजे फाटा फुटणं म्हणतात. कायद्यानं त्यात काही वावगं नाही. खुद्द वर्डप्रेसही २००३ मध्ये असाच एका जुन्या सॉफ्टवेअरला फाटा फुटून जन्मलं. २०१५ मध्ये वर्डप्रेसच्या घरातल्या ऑटोमॅटिक कंपनीनं वूथीम्सच विकत घेतली. वाटणी झालेलं शेत पुन्हा एका सातबाऱ्यावर आलं.

६. सिडनीचा तलाठी

जगातल्या दुकानांच्या सॉफ्टवेअरची खानेसुमारी कोण करतं? त्यातलं जुनं नाव ‘बिल्टविथ’. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गॅरी ब्रूअर यांनी ते सुरू केलं आणि अनेक वर्षं जवळजवळ एकट्यानं चालवलं. त्यांचा संगणक वेबसाइटांवर फेरी मारतो, जन्मखुणा टिपतो आणि नोंद करतो: हे दुकान अमुक सॉफ्टवेअरवर, तमुक पेमेंट, ढमुक चॅट, पूर्वी काय होतं, कधी बदललं. पीकपाहणीच म्हणा ना! ‘अमुक ॲप वापरणारी भारतातली सगळी दुकानं’ अशी यादी हवी असेल, तर पैसे मोजून मिळते. दुसरं नाव ‘वॅपलायझर’. ते ब्राउझरच्या कोपऱ्यात बसतं आणि तुम्ही ज्या पानावर असाल त्याची कुंडली छोट्या चित्रांत मांडतं.

७. यंत्रांसाठी लावलेली पाटी

बहुतेक वेबसाइटांच्या दाराशी एक पाटी असते, ती माणसांसाठी नसतेच. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ असं तिचं नाव. शोधयंत्रांनी कुठे यावं, कुठे येऊ नये, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी ही रीत सुचवली. अधिकृत मानक व्हायला २०२२ उजाडलं. तब्बल २८ वर्षं सगळा कारभार नुसत्या सामंजस्यावर चालला. कोणत्याही दुकानाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन हे नाव टाका, पाटी दिसेल. शॉपिफायच्या बऱ्याच दुकानांत तर तिच्या सुरुवातीलाच ‘आम्ही शॉपिफाय वापरतो’ अशा अर्थाची ओळ सापडते. नायके कंपनीनं तिथेही स्वतःच्या घोषवाक्यावर कोटी केली आहे: यंत्रांनो, नुसते रांगा!

८. बापाच्या नावाच्या गावातून पहिली ऑर्डर

धाराशिवला उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं होतं. त्यांचे वडील मीर महबूब अली खान. त्यांच्या नावाचं गाव तेलंगणातलं महबूबनगर. आता गंमत बघा. फ्लिपकार्ट ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाली आणि तिच्याकडे आलेली पहिली ऑर्डर महबूबनगरची होती. मागवलं होतं पुस्तक, जॉन वुड यांचं मायक्रोसॉफ्ट सोडल्यानंतरच्या कामाबद्दलचं. फ्लिपकार्टची बोहनी मुंबई-पुण्यानं नाही केली, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या एका जिल्ह्याच्या गावानं केली.

९. गाव एक, नावं दोन

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं ‘धाराशिव’ला मंजुरी दिली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचंही नाव बदललं, मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. कागदावरचा प्रश्न मिटला. दुकानांच्या याद्यांत मात्र जुनं नाव ठाण मांडून बसलेलं असतं, कारण पिनकोडवरून जिल्हा भरणारी सॉफ्टवेअरं जुन्याच तक्त्यांवर चालतात. ४१३५०१ टाकावं आणि खाली आपोआप ‘उस्मानाबाद’ उमटावं, हा अनुभव कित्येकांचा. म्हणून इथली दुकानं शोधायची तर दोन्ही नावांनी शोधा. इंग्रजी स्पेलिंगं धरली तर दोनाची चार होतात.

१०. पिनकोड काढणारा संस्कृत कवी

पार्सल ज्या सहा आकड्यांवर धावतं ते आकडे एका मराठी माणसाचे. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहीत. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा. ४१३ या तीन आकड्यांत धाराशिव, सोलापूर, लातूर एकाच रांगेत बसतात. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, पण टपालाच्या खात्यात भाऊ अजून एकत्रच जेवतात.

११. सरकारी पानांचा एकच शिंपी

सॉफ्टवेअरवरून वेबसाइट ओळखायचा सराव करायचाय? जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळापासून सुरुवात करा. मग लातूरचं उघडा, सोलापूरचं उघडा, देशातल्या आणखी एखाद्या जिल्ह्याचं उघडा. ठेवण तीच, मेनू तोच, अक्षर लहान-मोठं करायची सोयही तीच. फोटोंच्या पत्त्यात ‘एसथ्रीवास’ हे नाव सापडेल. ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, सगळ्यांसाठी केलेली चौकट. इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेल्या या नावात एक ‘एस’ आपल्या ‘सुगम्य’चा आहे!

१२. कवड्यांची माळ आणि उलटं फिरणारं घड्याळ

आता एक दुकान जवळून बघू. नवरात्राच्या तोंडावर पुण्यातल्या आमच्या आत्याला कवड्यांची माळ हवी होती. तिनं मोबाइलवर एक दुकान दाखवलं. झगझगीत फोटो, ‘थेट तुळजापूरहून’ असा दावा, बाजूला लाल घड्याळ: ‘सवलत संपायला ९ मिनिटं, फक्त २ माळा शिल्लक’. आत्या घाईला आलेली. म्हटलं, थांब, थापटून बघू.

पहिली टकटक: पान बंद करून पुन्हा उघडलं. घड्याळ परत पहिल्या आकड्यावर, माळा परत दोनच. दुसरी: पान उलटं केलं. शॉपिफायची खूण होती, थीमच्या जागी ‘डॉन’ हे नाव. ही शॉपिफायची फुकट मिळणारी थीम. त्यात वाईट काही नाही, चांगली चांगली दुकानंही ती वापरतात. त्याखाली तारे-अभिप्राय दाखवणारं एक ॲप आणि घड्याळ फिरवणारं दुसरं. तिसरी: पत्त्यापुढे ‘प्रॉडक्ट्स डॉट जेसन’ टाकलं. शॉपिफायच्या बऱ्याच दुकानांत यानं मालाची सगळी यादी तारखांसह समोर येते. इथे माळेच्या वर मोबाइलची कव्हरं, खाली कंबरेचे पट्टे, आणि तिन्ही एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतरानं चढवलेले. चौथी: तळाशी पत्ता शोधला. नव्हताच. एक ईमेल तेवढा होता.

आत्यानं फोन खाली ठेवला आणि तुळजापूरच्या ओळखीच्या पुजाऱ्यांना लावला. माळ चौथ्या दिवशी घरी आली, सोबत कुंकवाची पुडी. पैसे नंतर पाठवा म्हणाले.

१३. त्या घड्याळालाही कायद्यात नाव आहे

खोटी घाई लावणं हा आता नुसता चावटपणा उरलेला नाही. केंद्रानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार नोंदवलेत आणि पहिलाच मान खोट्या घाईला आहे. गुपचूप पिशवीत जादा वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, हेही त्यात आहेत. कापडदुकानातला ‘ताई, शेवटचा पीस’ हा डायलॉग मात्र अजून मोकाट आहे.

१४. माळेला मानांकन, समुद्र तीनशे किलोमीटरवर

तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला आणि भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याला समुद्र नाही आणि मानाची वस्तू समुद्रातली! कवडी हे जुन्या काळचं सुट्टं चलनही होतं. मालदीवच्या बेटांवरून ती गलबतांनी यायची आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत देशाच्या काही भागांत बाजारात चालायची. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्द तिथलेच. एकेकाळी माल विकत घ्यायची ती वस्तू आज स्वतःच माल झाली आहे. ऑनलाइन माळ घेताना आता हे मानांकन विचारता येईल.

१५. @ च्या पुढे काय दडलंय?

सॉफ्टवेअर ओळखायला वेबसाइटच लागते असं नाही. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवरचा क्यूआर कागदही बोलतो. यूपीआय पत्त्यात @ च्या पुढची अक्षरं वाचा. ‘वायबीएल’ असेल तर फोनपे, मागे येस बँक. ‘ओके’नं सुरू होऊन बँकेचं नाव आलं, म्हणजे ‘ओकेॲक्सिस’, ‘ओकेएसबीआय’, तर गुगल पे. ‘एपीएल’ म्हणजे ॲमेझॉन पे. ‘पीटी’नं सुरू होणाऱ्या ‘पीटीएसबीआय’सारख्या शेपट्या पेटीएमच्या, २०२४ मध्ये त्यांच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध आल्यावर त्या आल्या. नुसतं ‘यूपीआय’ असेल तर भीम. चहा येईपर्यंत अख्ख्या गल्लीची गणती होते!

क्यूआर चौकट १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत जन्मली, मोटारीचे सुटे भाग मोजायला. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. एकाचा जन्म कारखान्यात, दुसऱ्याचा बँकांच्या बैठकीत, लग्न लागलं टपरीवर.

१६. आकडे खोटं बोलायला कचरतात

दुकानाच्या तळाशी जीएसटी क्रमांक दिसला की पहिले दोन आकडे बघा. महाराष्ट्राचा असेल तर २७. एकूण पंधरा जागा. मधल्या दहा म्हणजे मालकाचा पॅन. खाण्याचा पदार्थ असेल तर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक हवा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राला १५. दावा ‘कुंथलगिरीच्या भट्टीवरून’ आणि जीएसटी २४ नं सुरू होणारा, तर ती नोंदणी गुजरातची. गुजरातेतला व्यापारी इथला खवा विकू शकतो, त्याला बंदी नाही. पण ‘थेट भट्टीवरून’ या शब्दांना मग काही अर्थ राहत नाही.

१७. एकाच बिल्ल्याची दहा पिल्लं

उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि महाराष्ट्रभर नावाजलेली. सरकारी नोंदीत जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. कळपात कितीही मिसळलं तरी ओळख पटते. वेबसाइटच्या कानातही असे बिल्ले असतात. किती लोक आले ते मोजणाऱ्या गुगलच्या साधनाचा क्रमांक ‘जी’नं सुरू होतो, पूर्वी ‘यूए’नं व्हायचा. दहा वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत एकच क्रमांक सापडला तर मालक एक असण्याची दाट शक्यता. २०११ मध्ये अँडी बायो या अमेरिकी लेखकानं याच वाटेनं निनावी ब्लॉग चालवणाऱ्याचा माग काढला होता. आणखी एक खूण: ‘यूए’चं मोजमाप जुलै २०२३ पासून बंद झालंय. एखाद्या दुकानात फक्त तोच बिल्ला लटकत असेल, तर मालकानं बऱ्याच दिवसांत गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही.

१८. मालकाचा विसराळूपणा

दुकान घाईत उभं केल्याच्या खुणा सगळ्यात गमतीच्या. तळाशी ‘पॉवर्ड बाय शॉपिफाय’ तसंच राहिलेलं. वूकॉमर्सच्या एका फुकट थीमखाली ‘बिल्ट विथ वूकॉमर्स’. वर्डप्रेसचा ‘हॅलो वर्ल्ड’ हा नमुन्याचा लेख पेढ्यांच्या शेजारी प्रकाशित. नव्या सोफ्याचं प्लास्टिक न काढता पाहुण्यांना बसवावं, तसं. हेच शब्द शोधयंत्रात गावाच्या नावासोबत टाकले की आणखी अशी दुकानं सापडतात. याद्या बनवणाऱ्यांची सर्वांत जुनी युक्ती हीच.

१९. यादी हवी कुणाला?

पहिलं गिऱ्हाईक विक्रेता. ‘तुम्ही अमुक अभिप्राय-ॲप वापरता, आमचं निम्म्या किमतीत घ्या’ असा फोन दुकानदाराला येतो, तेव्हा त्याला वाटतं यांना कसं कळलं? असं कळलं. दुसरं गिऱ्हाईक होतकरू दुकानदार. आपल्यासारखा माल विकणारे काय वापरतात ते तो बघतो. तिसरं मात्र चोर. मार्च २०२३ मध्ये ‘वूकॉमर्स पेमेंट्स’ या प्लगइनमध्ये मोठं भगदाड सापडलं. दुरुस्ती लगेच निघाली, पण ज्यांनी ती लावली नाही त्यांच्यावर जुलैत हल्ल्यांची लाट आली. हल्लेखोरांनी दारोदार विचारलं नाही. जन्मखूण दिसेल तिथे कडी हलवून बघितली. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या पानात घुसून लाखो ग्राहकांच्या कार्डांचा तपशील नेणारा चोरमजकूर अवघ्या २२ ओळींचा होता. म्हणून अपडेटची सूचना आली की दुकानदारांनी ‘नंतर’ दाबू नये.

२०. जी दुकानं कुठल्याच यादीत नाहीत

आता सगळ्यात मोठी गंमत. धाराशिव, तुळजापूर, भूम, परंडा, कळंब, वाशी, उमरगा, लोहारा अशा आठही तालुक्यांतली दुकानं या महागड्या याद्यांत शोधा. हाताला फार लागणार नाहीत. म्हणजे इथे फोनवर धंदा नाही? चिक्कार आहे. पण तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर चालतो. सकाळी भट्टीवर कढई चढली की फोटो, दुपारी ‘दहा किलो शिल्लक’, संध्याकाळी पैसे यूपीआयनं, माल ओळखीच्या गाडीनं. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा. तो टिकतो थोडे दिवस, म्हणून गिऱ्हाईक जवळचं आणि भरवशाचं लागतं. या दुकानाला वेबसाइट नाही, त्यामुळे उलटं करून बघायला शिवणच नाही. व्हॉट्सॲप बिझनेस जानेवारी २०१८ मध्ये आलं, मालाची यादी लावायची सोय २०१९ मध्ये. ही सोय मिळालेल्या पहिल्या देशांत भारत होता. सिडनीच्या तलाठ्याच्या पीकपाहणीत हे शिवार पडीक दिसतं. प्रत्यक्षात ते दोन हंगाम पिकतं.

यात तोटाही आहे. ज्याच्याकडे दुकानदाराचा नंबर आहे त्यालाच ते दिसतं. मुंबईत बसून ‘कुंथलगिरी खवा’ शोधणाऱ्याला मग घड्याळवाली दुकानंच आधी सापडतात. खरा माल भट्टीवर आणि त्याच्या नावाची पाटी भलत्याच्याच दारावर, अशी गत होते.

जाता जाता: चार वेळा टकटक

खरेदी करणाऱ्यांनो, ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क दाखवायलाच हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे. तेव्हा एक, तळाचा पत्ता वाचा. दोन, जीएसटी आणि एफएसएसएआय क्रमांकांचे पहिले आकडे जुळवा. तीन, घड्याळ असेल तर पान पुन्हा उघडा. चार, पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं बँकेतलं नाव बघा. काही गडबड वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०.

आणि माळा ओवणाऱ्या, खवा आटवणाऱ्या मंडळींनो, तुमच्याकडे महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल. एक साधं पान करा, फुकटातलं चालेल. त्यावर गाव, तालुका, पिनकोड, परवाना क्रमांक आणि भट्टीचा खरा फोटो टाका. धाराशिव लिहा, उस्मानाबादही लिहा, म्हणजे जुन्या नावानं शोधणाराही पोचेल. गिऱ्हाईक आता थापटणं घेऊन येणार आहे. तुमचं मडकं भाजलेलं आहेच. फक्त ते त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा.